धाकट्याचं वय ४१, गणित मात्र थोरल्याच्या ४८ वरून

हे प्रकरण माझ्या दवाखान्यातलं, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची तपासणी कुणी कधी करावी याचं. घर ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि माणसांना नावाऐवजी नात्यानं बोलावलं आहे. यात एक चूक माझीही आहे, ती त्या जागी आली की सांगतो.

घर मूळचं नव्या पेठेतलं. वडील हृदयविकारानं गेले त्याला बारा वर्षं झाली. आई ७६ वर्षांची, मधुमेह, बायपास झालेली. तीन भावंडं. थोरला कंपनीत अकाउंट्सला, बहीण लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे, धाकटा राहायला धायरीत आणि त्याचं नऱ्ह्यात छोटं वर्कशॉप. २०२३ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे हे सगळं सुरू झालं तेव्हा, थोरला ४८, बहीण ४४, धाकटा ४१. या तिघांचे गोवर-कांजिण्या मी पाहिले आहेत, त्यामुळे मी अजून त्यांना अरे-तुरेच करतो.

थोरल्याला त्या वर्षी जानेवारीपासून शौचावाटे अधूनमधून रक्त पडत होतं. पहिल्यांदा पडलं ते मिसळ खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणून दोष मिसळीला. नंतर उष्णतेला. मग कुणीतरी मूळव्याध म्हटलं आणि तो शिक्का सात महिने टिकला. रात्री इसबगोल, दुपारी ताक, एक मलम, आणि बोर्ड वाचून शोधलेल्या एका ठिकाणची चूर्णं. पुण्यात ‘मूळव्याध, भगंदर, फिशर’ असा बोर्ड नसलेला रस्ता दाखवा म्हटलं तर कठीण जाईल. मूळव्याध असतेच हो पुष्कळांना, पण मूळव्याध आहे म्हणजे वर दुसरं काही नाही असं होत नाही. माझ्याकडे तो आला तेव्हा रक्तापेक्षा त्याला थकव्याची तक्रार जास्त होती. हिमोग्लोबिन १०.४. पन्नाशीला आलेल्या पुरुषाचं रक्त एवढं उतरलं की लोहाच्या गोळ्या लिहिण्याआधी ते कुठून जातंय हे बघायचं असतं. शौचाच्या वाटेनं दुर्बीण घातली, म्हणजे कोलोनोस्कोपी केली. मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला, सिग्मॉइड म्हणतात त्या वळणात कर्करोगाची गाठ निघाली. अधिक श्रावण चालू होता. शस्त्रक्रिया झाली, मग तीन महिने केमो. आज तो बरा आहे आणि कामावर जातो.

त्याच्या कंपनीनं गाठ निघायच्या दोन वर्षं आधी ‘फुल बॉडी चेकअप’ करून दिला होता. ती फाइल मी मागवून घेतली. सीईए हा ‘ट्यूमर मार्कर’, म्हणजे कर्करोगात रक्तात वाढू शकणारं एक प्रथिन, तेव्हा नॉर्मल होता. शस्त्रक्रियेच्या आधी केला तेव्हाही नॉर्मलच होता. सीईए उपचारानंतरच्या देखरेखीला कामाचा आहे. निरोगी माणसात कर्करोग शोधायला तो वापरू नये असंच सगळे सांगतात, तरी पॅकेजात तो असतोच, कारण रक्ताची एक बाटली काढलेलीच असते.

खरं प्रकरण इथून पुढचं आहे.

थोरल्याला दवाखान्यात बघायला आले तेव्हा धाकट्यानं मला पायऱ्यांवर गाठलं. “डॉक्टर, आम्हीही करून घ्यायची का ही तपासणी? पण ती पन्नाशीनंतर ना?”

पन्नास हा आकडा लोकांच्या डोक्यात पक्का बसलाय. कुठून आला ते सांगतो. अमेरिकेत बरीच वर्षं सर्वसाधारण धोक्याच्या माणसाला ५० व्या वर्षी सुरुवात करायला सांगत. तरुणांमध्ये हा रोग वाढताना दिसला तसा २०१८ मध्ये तिथल्या कॅन्सर सोसायटीनं आणि २०२१ मध्ये तिथल्या सरकारनियुक्त तज्ज्ञगटानं तो ४५ वर आणला. ७५ पर्यंत नियमित, ७६ ते ८५ माणूस बघून, त्यापुढे नाही. कोलोनोस्कोपी स्वच्छ निघाली तर पुढची दहा वर्षांनी. ती नको असेल तर शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी ‘फिट’ नावाची तपासणी, पण ती दरवर्षी. इंग्लंडमध्ये हीच फिट किट टपालानं घरी येते, दर दोन वर्षांनी. आपल्याकडे मोठ्या आतड्यासाठी असा राष्ट्रीय कार्यक्रम नाही. सरकारी कार्यक्रमात तिशीपासून तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख एवढंच बघतात. भारतात या कर्करोगाचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच कमी आहे, तेव्हा ते चुकीचं आहे असंही मी म्हणणार नाही.

पण हे आकडे ज्यांच्या घरात कुणाला झालेला नाही त्यांचे. या तिघांचा हिशेब वेगळा.

सख्ख्या नात्यात, म्हणजे आई-वडील, भावंडं किंवा मुलं यांच्यापैकी कुणाला साठीच्या आत मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर बाकीच्यांनी आपलं वय मोजायचं नाही. रोग्याचं वय घ्यायचं, त्यातून दहा वजा करायचे. जे येईल ते आणि ४०, यांतलं जे आधी तिथून सुरुवात. थोरला ४८, वजा दहा, ३८. म्हणजे धाकट्याला तीन वर्षं उशीर झालेला होता आणि बहिणीला सहा. आणि एकदा स्वच्छ निघाली म्हणून दहा वर्षांची सुटी नाही, दर पाच वर्षांनी. हेच थोरल्याला साठीनंतर झालं असतं तर सुरुवात ४० ला, पण पुढचं अंतर चारचौघांसारखंच.

दहाच का वजा करायचे, हे बहिणीनं विचारलं होतं. ती शाळेत गणित शिकवते, तिला कारण लागतं. मोठ्या आतड्यात कर्करोग बहुतेक वेळा एका छोट्या वाढीतून होतो. तिला पॉलिप म्हणतात, त्यातल्या ज्या जातीला बिघडायची सवय असते ती अ‍ॅडिनोमा. साध्या अ‍ॅडिनोमाचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. त्या दहा वर्षांत दुर्बिणीतून तारेचा फास टाकून तो कापून काढता येतो, म्हणजे रोग सापडायच्या आधीच संपवता येतो. सगळेच पॉलिप बिघडत नाहीत, पण बघितल्याबरोबर कुठला बिघडेल हे सांगता येत नाही, म्हणून सापडेल तो काढतात. (मूळव्याधीच्या मोडाचा आणि याचा काही संबंध नाही. दोन्हीला लोक ‘कोंब’ म्हणतात, त्यातून गोंधळ होतो.)

“आम्ही तर शाकाहारी,” हे आईंचं म्हणणं. प्रक्रिया केलेल्या मांसानं धोका वाढतो हे खरं. पण वरणभात खाणाऱ्याला हा रोग होत नाही, असं मात्र नाही. थोरल्यानं आयुष्यात अंडंसुद्धा खाल्लेलं नव्हतं.

या सगळ्याच्या आधी मला एक रिपोर्ट हवा होता. थोरल्याच्या काढलेल्या गाठीच्या तुकड्यावर चार प्रथिनं तपासतात: एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६ आणि पीएमएस-२. पेशी विभागताना जनुकात झालेल्या चुका दुरुस्त करणारी ही माणसं. त्यातलं एखादं गायब असेल तर लिंच सिंड्रोम नावाच्या आनुवंशिक दोषाचा संशय घ्यावा लागतो आणि मग सगळंच गणित फिरतं. दुर्बीण २०-२५ व्या वर्षापासून, दर एक-दोन वर्षांनी, आणि बायकांमध्ये गर्भाशयाकडेही लक्ष. थोरल्याचा मुलगा तेव्हा १८ वर्षांचा होता, अभियांत्रिकीच्या प्रवेशाच्या गडबडीत. त्याच्या दृष्टीनं घरातला सगळ्यात महत्त्वाचा कागद तोच होता आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. चारही प्रथिनं शाबूत निघाली. लिंचची शक्यता बरीच मागे पडली. मुलाचं गणित वडिलांच्या ४८ वरून, म्हणजे ३८ व्या वर्षी.

हा रिपोर्ट पुष्कळ घरांत मागितलाच जात नाही. गाठीचे मेणातले ठोकळे प्रयोगशाळेत जपून ठेवलेले असतात, नंतरही तपासता येतात. मागावं.

धाकट्यानं दुर्बिणीला होकार सप्टेंबरमध्ये दिला. मग गणपती झाले की बघू. मग पितृपक्ष लागला, त्यात नको. मग नवरात्र, मग वर्कशॉपची दिवाळीपूर्वीची ऑर्डर. शेवटी २०२४ च्या जानेवारीत झाली. मधल्या काळात त्याची बायको एका प्रयोगशाळेची जाहिरात घेऊन आली होती, रक्ताच्या एका थेंबात सगळे कॅन्सर कळतात अशा थाटाची. मी तिला थोरल्याचे ते दोन नॉर्मल सीईए दाखवले.

रिपोर्ट घेऊन तो आला. शेवटी ‘इम्प्रेशन’च्या खाली ओळ होती: गाठ दिसली नाही. तो हसला, मीही हसलो, फाइल बंद केली. “आता पाच वर्षांनी,” मी म्हटलं.

माझी चूक ती ही.

ती कळली दहा महिन्यांनी. बहिणीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वतःची करून घेतली आणि रिपोर्ट आणून दिला. शिक्षिकाच ती, तिनं धाकट्याचा रिपोर्टही बरोबर आणला होता, दोन्ही शेजारी ठेवले आणि विचारलं, “डॉक्टर, माझ्यात बोस्टन आठ लिहिलंय, त्याच्यात चार. कमी चांगलं की जास्त?”

बोस्टन म्हणजे आतडं किती साफ होतं त्याचे गुण. मोठ्या आतड्याचे तीन भाग करतात, प्रत्येकाला ० ते ३. एकूण नऊपैकी. प्रत्येक भागाला किमान दोन तरी मिळायला हवेत, नाहीतर बघितलं ते बघितलं असं धरता येत नाही. धाकट्याचे गुण होते उजवीकडे १, मध्ये १, डावीकडे २. आणि दुसऱ्या पानावर, फोटोंच्या खाली, बारीक अक्षरात: तयारी अपुरी, एका वर्षाच्या आत पुन्हा करावी. मी दुसरं पान उलटलंच नव्हतं. तो तर बिचारा पहिलंही वाचत नव्हता.

गाठ दिसली नाही हे खरंच होतं. दिसण्याजोगं काही दिसतच नव्हतं.

तयारी का बिघडली हे मी त्याला मग खोदून विचारलं, कारण पुन्हा तेच व्हायला नको होतं. वेळ मिळाली होती सकाळी आठची. दोन लिटर पाण्यात विरघळवायच्या पावडरीचा अर्धा भाग आदल्या रात्री आणि अर्धा पहाटे घ्यायचा असं त्याला लिहून दिलं होतं. पण धायरीहून निघायचं, सिंहगड रस्त्यावर तेव्हा उड्डाणपुलाचं काम चालू. वाटेत नवले पुलाच्या अलीकडे अडकलो आणि लागली तर काय करायचं? म्हणून पहाटेचा डोस त्यानं घेतलाच नाही. रात्रीचाही दीड ग्लास बेसिनमध्ये गेला, खारट लागतं म्हणून. त्याच्या आदल्या दिवशी भाजणीचं थालीपीठ आणि बिया असलेला पेरू. वर त्याला मुळातच बद्धकोष्ठ, ते तपासणीवाल्यांना कुणी सांगितलं नव्हतं. एकूणात चार गुण मिळाले हेच नवल.

पहाटेचा डोस सगळ्यात महत्त्वाचा, हे त्याला कुणी समजावलं नव्हतं. रात्री साफ केलेल्या आतड्यात सकाळपर्यंत वरून, लहान आतड्यातून, पिवळा चिकट स्राव उतरत राहतो आणि तो आधी उजव्या बाजूलाच साचतो. चपटे पॉलिप नेमके उजवीकडे जास्त.

दुसऱ्या वेळेला आम्ही लढाईची आखणी करावी तसं केलं. वेळ मागून घेतली साडेअकराची. आदल्या रात्री मुक्काम बहिणीकडे, तिथून रिक्षानं दहा मिनिटं. तीन दिवस आधीपासून भाजणी, तीळ, शेंगदाण्याची चटणी, पालेभाज्या, पेरू, सीताफळ बंद. मऊ भात, साधं वरण, दही. आदल्या दिवशी फक्त पातळ आणि आरपार दिसणारं: गाळलेलं लिंबू सरबत, शहाळ्याचं पाणी, भाताची निवळ, दुधाशिवायचा चहा. कोकम सरबताचा मोह झाला होता, पण लाल रंग आतून रक्तासारखा दिसतो म्हणून तेही नाही. बद्धकोष्ठासाठी दोन दिवस आधीपासून रेचक. बहिणीनं पावडरीचं पाणी फ्रीजमध्ये थंड करून, लिंबाची फोड चोखत, दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास, असा शाळेच्या तासासारखा गजर लावून पाजलं. पहाटे पाच ते सात दुसरा भाग. सात वाजता तिचा मला मेसेज आला: “आता पाणी गोमूत्राच्या रंगाचं झालंय. बास?” बास.

जानेवारी २०२५. या खेपेला बोस्टन नऊ. उजव्या बाजूला, चढत्या भागात, १२ मिलिमीटरचा एक चपटा अ‍ॅडिनोमा. फास टाकून काढला. प्रयोगशाळेचा अहवाल: ट्युब्युलर, म्हणजे साध्या जातीचा, अ‍ॅडिनोमा, पेशींत हलका बदल, कर्करोग नाही. एक वर्षापूर्वीही तो तिथेच असणार, खरकट्याखाली झाकलेला.

मग ‘किती वर्षांनी’चा तिसरा हिशेब. एक-दोन लहान, १० मिलिमीटरच्या आतले ट्युब्युलर अ‍ॅडिनोमा निघाले असते आणि घरात कुणाला काही नसतं, तर अमेरिकी नियमाप्रमाणे सात ते दहा वर्षांनी चाललं असतं. तीन-चार लहान निघाले तर तीन ते पाच वर्षं. दहा मिलिमीटर किंवा मोठा एकही निघाला, किंवा पेशींतला बदल तीव्र असला, तर तीन. घराण्याचे पाच, पॉलिपचे तीन. जे कमी ते धरायचं. धाकट्याची पुढची दुर्बीण जानेवारी २०२८. ती स्वच्छ निघाली तर त्यापुढची पाच वर्षांनी. बहिणीची स्वच्छ होती, तिची नोव्हेंबर २०२९.

माझी मात्र आता एक सवय झाली आहे. दुर्बिणीचा रिपोर्ट आला की शेवटची ओळ शेवटी वाचतो. आधी बघतो गुण. मग दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठं आतडं जिथे सुरू होतं तिथपर्यंत पोचली का, आणि अपेंडिक्सच्या तोंडाचा फोटो आहे का. परत बाहेर येताना किती वेळ घेतला तेही काहीजण लिहितात. सहा मिनिटांपेक्षा कमी असेल तर मी फोन करून विचारतो, थोडा अप्रिय होऊन.

बहिणीनं आणखी एक विचारलं होतं: “आमच्यासाठीही ती फिट का नाही चालत? घरच्या घरी होते.” सर्वसाधारण धोक्याच्या माणसाला ती उत्तम आहे. ती माणसाच्याच रक्तातलं प्रथिन ओळखते, म्हणून खाण्यापिण्याचं पथ्य नाही. पुण्यातल्या काही प्रयोगशाळा अजून ‘ऑकल्ट ब्लड’ म्हणून जुनी रासायनिक तपासणी करतात, तेव्हा आधी विचारून घ्यावं. पण एका फेरीत ती चारपैकी साधारण एक कर्करोग चुकवते आणि अ‍ॅडिनोमा त्याहून पुष्कळ जास्त. दरवर्षी केली तरच तिला अर्थ. एकदा पॉझिटिव्ह आली की ‘पुन्हा करून बघू’ नाही, सरळ दुर्बीण. या घरातल्या कुणी दुर्बिणीला साफ नकार दिला असता तर मी दरवर्षी फिट लिहून दिली असती. काहीच नाही यापेक्षा ती बरी.

दुर्बिणीचेही फार गोडवे गाऊ नयेत. पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात, २०२२ मध्ये तो छापून आला, नुसतं बोलावणं धाडलेल्या गटात दहा वर्षांत हा कर्करोग सुमारे १८ टक्के कमी झाला. निम्म्याहून जास्त लोक बोलावूनही आले नव्हते, हे त्यात धरायला हवं. आणि क्वचित का होईना, आतड्याला भोक पडणं, पॉलिप काढल्यावर रक्तस्राव होणं हे घडतं. त्यात अमक्याला झाला म्हणून मीही करतो असं म्हणत तिशीतली निरोगी माणसं येतात, त्यांना मी बऱ्याचदा परत पाठवतो. केवळ तपासणीचा खर्च बहुतेक मेडिक्लेममध्ये बसत नाही, हेही सांगतो.

राहिल्या आई. मुलाला झाला म्हणजे त्याही सख्ख्या नात्यात. बहिणीचा आग्रह होता. ७६ वर्षं, हृदयाची पंपिंग कमी, साखर वर-खाली, दोन लिटर पाणी आणि वर भुलीचं इंजेक्शन. आज एखादा लहान अ‍ॅडिनोमा सापडला तर त्याचा त्रास व्हायला दहा वर्षं लागणार, तयारीचा धोका मात्र उद्याचा. मी नको म्हटलं. आईंना विचारलं तर म्हणाल्या, “मला त्या पाण्याच्या घागरीला जुंपू नका रे. माझं झालंय सगळं.” रक्त दिसलं किंवा हिमोग्लोबिन उतरलं तर पुन्हा बोलू, एवढं ठरलं.

एक कागद मी त्यांना करून दिला. बहीण २०२९, धाकटा २०२८. थोरल्याचं त्याचे कर्करोगतज्ज्ञ बघतात. थोरल्याचा मुलगा २०४३. धाकट्याची मुलगी दहा वर्षांची आहे, तिच्या नावापुढे २०४७ लिहिल्यावर तिची आई दचकली. तिला कशाला? काकांना झाला ना? पण १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा अ‍ॅडिनोमा सख्ख्या नात्यात निघाला तर त्यालाही हाच नियम लावतात. तिचं गणित काकावरून नाही, वडिलांच्या ४२ वरून. वजा दहा, ३२. धाकटा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. मग कागद घेऊन खाली झेरॉक्स काढायला गेला.

त्या झेरॉक्सचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर गेला. दोन दिवसांनी साताऱ्याहून त्यांच्या चुलतभावाचा मला फोन आला. वय ३९. चुलत नातं लांबचं, याला सर्वसाधारणच धरायचं, असं मी सांगायला लागलो होतो. तो म्हणाला, “म्हणजे माझं ४५ लाच ना? तोवर निवांत. दोन महिने झाले अधूनमधून रक्त दिसतंय, पण ते मूळव्याधीचं आहे.”

म्हटलं, गणित राहू दे. सोमवारी सकाळी ये.